विश्लेषण : ॲटलास पतंग खरोखर दुर्मीळ असतो का? दिव्याजवळची एक रात्र त्याला इतकी महाग का पडते?

पावसाळा लागला की कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक छायाचित्र हमखास फिरू लागते. घराच्या, शाळेच्या किंवा एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर, दिव्याखाली पसरलेला तांबूस-तपकिरी रंगाचा प्रचंड पतंग आणि त्याच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी धरलेला कुणाचा तरी पंजा. पंजा लहान दिसतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘जगातील सर्वात मोठा दुर्मीळ पतंग आढळला’. सोबत एक ओळ असते, की याच्या पंखांवर सापाचे तोंड असते.

या बातमीतले तिन्ही दावे पूर्ण चुकीचे नाहीत आणि पूर्ण बरोबरही नाहीत. मात्र जी गोष्ट सर्वाधिक महत्त्वाची, ती बहुतेक वेळा बातमीत नसतेच. भिंतीवर बसलेल्या त्या जिवाकडे आयुष्याचे जेमतेम काही दिवस उरलेले असतात. त्यातली एक रात्र तो आपल्या दिव्यापाशी घालवत असतो.

दिसतो कसा?

ॲटलास पतंगाचे पंख पसरलेले असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर २४-२५ सेंटीमीटरपर्यंत भरू शकते. शाळेतली लहान पट्टी १५ सेंटीमीटरची असते, हे लक्षात घेतले की आकार डोळ्यांसमोर येतो. या पंखांच्या मानाने धड अगदीच छोटे, जाडसर आणि लव असलेले. विमानाचे पंख लावलेली रिक्षा म्हणावी असे हे प्रमाण आहे.

मूळ रंग वीटकरी, तपकिरी किंवा तांबूस. त्यावर पांढऱ्या, काळ्या, गुलाबी आणि जांभळट रेषांची नक्षी. पंखांच्या कडेला पिवळसर पट्टा आणि त्यात नागमोडी काळी रेघ. चारही पंखांवर साधारण मध्यभागी एकेक त्रिकोणी, काळ्या कडेची ‘खिडकी’ असते. ही खिडकी रंगवलेली नसते. फुलपाखरे आणि पतंगांच्या पंखांवर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि रंग त्या खवल्यांचा असतो. खिडकीच्या जागी खवले जवळपास नसतातच, त्यामुळे तिथे पंखाचा मूळ पारदर्शक पापुद्रा उघडा पडतो. पतंग भिंतीवर असेल तर त्या त्रिकोणातून भिंतीचा रंग दिसतो.

नर आणि मादी ओळखणे अवघड नाही. मादी मोठी, जड आणि रुंद पंखांची. नर थोडा लहान, त्याच्या पंखांची टोके अधिक निमुळती. खरी खूण मात्र डोक्यावर आहे. नराच्या मिशा, म्हणजे स्पर्शिका, पिसासारख्या दाट आणि रुंद असतात, मादीच्या बारीक. हा फरक शोभेसाठी नाही. त्याचे कारण पुढे येईल.

सह्याद्रीतला ॲटलास कोणता?

बातम्यांमध्ये सरसकट ‘ॲटॅकस ॲटलास’ हे शास्त्रीय नाव छापले जाते. इथे गोंधळ होतो. कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये नाव दिलेली ही जाती हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, दक्षिण चीन, आग्नेय आशिया ते इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत पसरलेली आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आढळणारी जाती वेगळी मानली जाते. तिचे नाव ॲटॅकस टॅप्रोबॅनिस. ‘टॅप्रोबेन’ हे श्रीलंकेचे जुने ग्रीक नाव. फ्रेडरिक मूर या ब्रिटिश कीटकतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात ती वेगळी नोंदवली. सह्याद्रीत दिसणारा ॲटलास हा या दक्षिणी जातीचा. अंदमानात आणखी तिसरी जाती आहे, ॲटॅकस मॅकमुलेनी.

या जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत की मोबाइलवरच्या छायाचित्रावरून सामान्य वाचकाला फरक कळणार नाही. पण छायाचित्र कुठे काढले, हे ठाऊक असेल तर निम्मे काम होते. ‘ॲटलास’ या नावामागे दोन कारणे सांगितली जातात. एक म्हणजे ग्रीक पुराणातला, आकाश खांद्यावर पेलणारा महाकाय ॲटलास. दुसरे म्हणजे पंखांवरची नकाशासारखी नक्षी.

मग जगातील सर्वात मोठा कोण?

‘मोठा’ म्हणजे काय मोजायचे, यावर ते अवलंबून आहे. पंखांची लांबी मोजली तर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला ‘व्हाइट विच’ हा फिकट राखाडी पतंग पुढे जातो. त्याचा पंखविस्तार ३० सेंटीमीटरच्या आसपास पोहोचतो. पंखांचे क्षेत्रफळ धरले तर ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग आणि न्यू गिनी इथला हर्क्युलिस पतंग ॲटलासला मागे टाकतो. त्यामुळे ‘जगातील सर्वात मोठ्या पतंगांपैकी एक’ हे बिनचूक. मथळ्यात थोडे कमी वजनदार वाटते, इतकेच.

पंखाच्या टोकावर साप आहे?

ॲटलासच्या पुढच्या पंखांची टोके बाकदार असतात. त्या बाकावर एक गडद ठिपका आणि खाली तोंडाच्या फटीसारखी रेघ. बाजूने पाहिले तर नागाचे डोके वाटावे असा आकार दिसतो. चीनच्या कँटोनीज भाषेत या पतंगाचे नावच ‘सापाच्या डोक्याचा पतंग’ या अर्थाचे आहे. त्याला डिवचले तर तो अनेकदा उडून न जाता जमिनीवर पडतो आणि पंख सावकाश हलवत राहतो. तेव्हा ही टोके साप डोलावा तशी हलतात. पक्षी आणि सरडे यांना घाबरवण्यासाठी हे सोंग असावे, असा कयास त्यावरून बांधला गेला.

कयास पटण्याजोगा आहे, पण तो फक्त दिवसाच्या उजेडापुरता. ॲटलास रात्री उडतो आणि रात्रीचा त्याचा मुख्य शत्रू वटवाघूळ. कीटकभक्षी वटवाघळे चित्र बघून शिकार करत नाहीत. ती मानवी कानाला न ऐकू येणारा उच्च वारंवारतेचा आवाज सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य कुठे आहे ते ठरवतात. पंखावर साप काढलेला आहे की कमळ, हे त्यांना कळायला मार्ग नाही. काही पतंगांना हा आवाज ऐकू येतो आणि ते ऐनवेळी कोलांटी मारून निसटतात. ॲटलास ज्या कुळातला आहे त्या ‘सॅटर्निडी’ कुळातल्या पतंगांना कानच नाहीत. ते पूर्ण बहिरे आहेत. म्हणजे आकाराने मोठा, उडायला जड आणि ऐकायला येत नाही. अशा प्राण्याने तग धरला कसा?

ब्रिटनच्या ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये याचे एक रंजक उत्तर मांडले. या कुळातील काही पतंगांच्या पुढच्या पंखांची टोके दुमडलेली किंवा सुरकुतलेली असतात. वेगवेगळ्या दिशांनी ध्वनिलहरी सोडून केलेल्या मोजणीत असे आढळले, की ही टोके आवाज जोरात परतवतात. इतका जोरात, की धडाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीपेक्षा टोकाचा प्रतिध्वनी ठळक ठरू शकतो. रस्त्याच्या कडेचे किंवा सायकलच्या मागचे परावर्तक जसे कुठूनही उजेड पडला तरी तो आल्या दिशेला फेकतात, तसेच हे ध्वनीचे परावर्तक. वटवाघूळ धडाऐवजी पंखाच्या टोकावर झडप घालते, टोकाचा तुकडा त्याच्या तोंडात जातो आणि पतंग फाटक्या पंखाने का होईना, उडत राहतो. पंख एवढा मोठा असेल तर थोडा तुटला तरी चालते.

म्हणून भिंतीवरच्या ॲटलासच्या पंखाचे टोक फाटलेले दिसले तर ‘खराब नमुना’ म्हणून कॅमेरा बाजूला ठेवण्याचे कारण नाही. कदाचित त्या फाटक्या टोकामुळेच तो भिंतीपर्यंत पोहोचलेला असेल.

तोंड नाही, मग जगतो कशावर?

ॲटलास पतंगाची सर्वात विलक्षण गोष्ट त्याच्या पंखांत नाही. प्रौढ ॲटलासला काम करणारे तोंड नसते. फुलपाखरांना मध शोषण्यासाठी गुंडाळलेली सोंड असते. याच्याकडे तिचा उरलासुरला अवशेष असतो, तोही निरुपयोगी. कोषातून बाहेर आल्यापासून मरेपर्यंत तो काही खात नाही, पीत नाही. अळी असताना अंगात साठवलेली चरबी हेच त्याचे आयुष्यभराचे इंधन. चार्जिंगची सोय नसलेली बॅटरी म्हणा. ती साधारण एक ते दोन आठवडे पुरते. जितके उडणे जास्त, तितके आयुष्य कमी.

या मुदतीत एकच काम करायचे असते, जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे. त्यासाठी मादी फारशी हिंडत नाही. कोषातून बाहेर आली की ती जवळच्याच फांदीवर बसते आणि पोटाच्या टोकाकडच्या ग्रंथीतून गंध सोडते. हे संदेशवाहक रसायन, म्हणजे फेरोमोन. नराच्या पिसासारख्या मिशा आता कामाला येतात. मिशीच्या प्रत्येक केसावर गंध टिपणारी संवेदी छिद्रे असतात. वाऱ्यावर आलेला अत्यल्प गंधही नराला पकडता येतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने उडत तो काही किलोमीटरवरूनही मादीपर्यंत येऊ शकतो.

हा गंध किती थोडा असतो, याची कल्पना एका जुन्या प्रयोगावरून येते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये जगातील पहिले कीटक-फेरोमोन वेगळे केले. ते होते तुतीवर वाढणाऱ्या रेशीम पतंगाच्या मादीचे. त्याचे मोजके मिलिग्रॅम हाती लागण्यासाठी त्यांना सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी वापराव्या लागल्या होत्या. रानात मात्र एक मादी पुरते.

मीलन बराच वेळ, कित्येक तास चालते. त्यानंतर मादी पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते. ती जेमतेम अडीच मिलिमीटरची असतात. नराचे काम तिथेच संपते. मादीचे अंडी घातली की संपते.

अळी काय खाते, कोष कुठे असतो?

पतंग काही खात नसल्याने खाण्याचे सगळे काम अळीला करावे लागते आणि ती ते मन लावून करते. साधारण १० ते १४ दिवसांत अंड्यातून बाहेर पडलेली अळी आधी अंड्याचे कवच खाते, मग पाने. अनेकदा कात टाकत ती ११-१२ सेंटीमीटरपर्यंत वाढते. रंग फिकट हिरवा-निळसर, अंगावर मांसल काटे आणि त्यावर मेणासारखी पांढरी भुकटी. जणू कुणी तांदळाचे पीठ भुरभुरले आहे. डिवचल्यास ती उग्र वासाचा द्रव फवारते. मुंग्या आणि पाली यांच्यासाठी ती तजवीज आहे.

ॲटलासची अळी एकाच झाडावर अडून बसत नाही. दालचिनी, लिंबूवर्गीय झाडे, पेरू, सीताफळाच्या कुळातली झाडे अशा अनेक झाडांची पाने या गटातल्या अळ्या खातात. यातली बरीच झाडे कोकणातल्या कुठल्याही परसात सापडतील. याचा अर्थ ॲटलासचे घर म्हणजे केवळ निबिड अरण्य नव्हे. पश्चिम घाटाच्या कुशीतली दमट जंगले हा त्याचा मुख्य अधिवास खरा, पण जंगलाला लागून असलेल्या बागा, देवराया, ओढ्याकाठची झाडी हेही त्याचेच क्षेत्र. त्याला हवी असते आर्द्रता, अळीसाठी पाने आणि कोष टांगायला शांत फांदी.

पूर्ण वाढलेली अळी एक-दोन पाने ओढून घेते, त्यांना रेशमाने शिवते आणि आत तपकिरी, कागदासारखा कोष विणते. पान गळून पडू नये म्हणून ती देठही रेशमाने फांदीला बांधून घेते. बाहेरून पाहणाऱ्याला फांदीवर एक वाळके पान लटकल्यासारखे दिसते. कोषातला मुक्काम साधारण महिनाभराचा. परिस्थिती अनुकूल नसेल, विशेषतः कोरड्या दिवसांत, तो बराच लांबतो. बागेची साफसफाई करताना वाळकी पाने म्हणून अनेक कोष काडीकचऱ्याबरोबर जळून जातात, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुर्मीळ की न दिसणारा?

आता त्या ‘दुर्मीळ’ शब्दाकडे वळू. सह्याद्रीच्या पट्ट्यात ॲटलास विरळ दिसतो हे खरे. पण दिसण्याचे प्रमाण आणि असण्याचे प्रमाण यांत फरक आहे. हा जीव वर्षातला बहुतेक काळ पानाखालचे अंडे, पानाच्याच रंगाची अळी किंवा वाळक्या पानासारखा कोष या रूपांत असतो. पंख असलेल्या रूपात तो एक-दोन आठवडे राहतो. त्यातही दिवसा निश्चल बसून राहतो आणि उडतो रात्री, पावसाळी अंधारात, जेव्हा माणसे घरात असतात. मग तो दिसणार कधी? ज्या रात्री तो वाट चुकून दिव्याकडे येतो, तेव्हाच.

तेव्हा ‘दुर्मीळ पतंग आढळला’ या बातमीचा खरा अर्थ बहुतेक वेळा ‘नेहमी इथेच असणारा पतंग या वेळी आमच्या दिव्यात अडकला’ असा असतो. हे वाक्य मथळा म्हणून चालणार नाही, हेही खरे.

पतंगांकडे आपले एकूणच दुर्लक्ष आहे. भारतात फुलपाखरांच्या १,३०० हून अधिक जाती आहेत, तर पतंगांच्या १० हजारांहून अधिक. फुलपाखरांचे वाटे मात्र कौतुक आले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. पतंगाच्या वाट्याला बहुधा झाडू येतो.

दिव्याकडे तो येतोच का?

‘पतंग ज्योतीवर झेपावतो’ ही कवींची आवडती कल्पना. विज्ञानाला मात्र त्याचे कारण बराच काळ नीट सांगता येत नव्हते. पतंग चंद्राच्या आधाराने दिशा ठरवतात आणि दिव्याला चंद्र समजून फसतात, असे पाठ्यपुस्तकी उत्तर होते. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने वेगळे चित्र समोर आणले. लंडनचे इम्पीरियल कॉलेज आणि अमेरिकेतील फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठ इथल्या संशोधकांच्या या गटात यश सोंधी हे भारतीय संशोधकही होते. त्यांनी प्रयोगशाळेत आणि कोस्टा रिकाच्या जंगलात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवती उडणाऱ्या कीटकांचे चित्रण केले.

त्यात दिसले ते असे. कीटक सरळ दिव्याकडे झेपावत नव्हते. ते उडताना आपली पाठ दिव्याकडे वळवत होते. लाखो वर्षे रात्रीच्या वेळी सर्वात उजळ बाजू एकच होती, ती म्हणजे आकाश. त्यामुळे ‘जिकडे उजेड तिकडे वर’ हा साधा नियम उडणाऱ्या कीटकाला तोल सांभाळायला पुरेसा होता. पाठ उजेडाकडे ठेवली की आपण सरळ आहोत. विमानातला वैमानिक ढगात शिरल्यावर क्षितिज दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबतो, तसेच हे. आता त्या यंत्रालाच कुणी चुकीचे क्षितिज दाखवले तर? दिवा बाजूला असेल तर पाठ त्याच्याकडे करण्याच्या नादात कीटक तिरका होतो आणि दिव्याभोवती घिरट्या घालू लागतो. दिवा खाली असेल तर तो चक्क उलटा होऊन कोसळतो. तो दिव्याच्या मोहात पडलेला नसतो. त्याला वर-खाली कळेनासे झालेले असते.

सर्वच कीटकांत ही प्रतिक्रिया सारख्या तीव्रतेची नसते. पण दिव्याभोवतीच्या घिरट्यांचा हिशेब ॲटलाससाठी वेगळाच आहे. इतर अनेक पतंग सकाळी फुलावर जाऊन भूक भागवू शकतात. ॲटलासने रात्रभर घिरट्यांत जाळलेली चरबी परत मिळत नाही. सात-आठ रात्रींचे आयुष्य असेल आणि त्यातली एक रात्र व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटपाशी गेली, तर नराने मादी शोधण्याच्या संधीचा मोठा हिस्सा तिथेच गमावला. तिकडे रानात मादीने सोडलेला गंध वाऱ्यावर विरून जातो. सकाळी दिव्याखाली थकून बसलेला हा पतंग मग कोतवाल, कावळा किंवा मांजर यांच्या नजरेस पडतो.

दिवेही बदलले आहेत. २०१५ पासून देशभर जुने पथदिवे काढून एलईडी बसवण्याची मोहीम सुरू झाली. विजेची बचत झाली, यात शंका नाही. पण पांढऱ्या एलईडीत निळ्या रंगाचा भाग मोठा असतो आणि कीटकांचे डोळे त्या बाजूच्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात. न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांढऱ्या एलईडीजवळच्या सापळ्यांत पिवळ्या सोडियम दिव्यांच्या तुलनेत ४८ टक्के अधिक कीटक सापडले. पांढऱ्या प्रकाशाची छटा थोडी उबदार केल्याने त्या प्रयोगात फारसा फरक पडला नव्हता. त्यामुळे घाटातल्या गावांत, रिसॉर्टच्या बागांत ‘वॉर्म व्हाइट’ बल्ब लावून प्रश्न सुटेलच असे नाही. गरज नसलेला दिवा बंद करणे आणि असलेल्या दिव्याला वरून झाकण देऊन प्रकाश खाली वळवणे, हे उपाय अधिक भरवशाचे.

याचे रेशीम मिळते का?

ॲटलास रेशीम पतंगांच्याच कुळातला. विदर्भात भंडारा, गडचिरोली भागांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ज्याची अळी वाढवली जाते तो टसर पतंग, आसामचा मुगा आणि एरी हे सगळे त्याचे सख्खे-चुलत भाऊ. टसर पतंगाच्या पंखांवरही गोल पारदर्शक ठिपके असतात. पण ॲटलासचे रेशीम बाजारात टसरइतके रुळले नाही. तुतीच्या रेशीम किड्याच्या कोषातून सलग लांब धागा उकलता येतो. ॲटलासच्या कोषाचा धागा तुटक असतो, तो लोकरीसारखा कातावा लागतो. कोष मात्र चांगला टिकाऊ. तैवानमध्ये पतंग निघून गेल्यानंतरच्या रिकाम्या कोषांना चेन लावून पैशाचे छोटे बटवे म्हणून वापरले जात.

जिवंत कोषांचा व्यापार हे वेगळे प्रकरण आहे. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेल्व्ह्यू शहरात एका गॅरेजच्या भिंतीवर ॲटलास पतंग सापडला. जिथे तो असायलाच नको, अशा थंड प्रदेशात. तिथल्या कृषी विभागाने लोकांना असे पतंग दिसल्यास कळवण्याचे आवाहन केले. परवानगीविना असा जिवंत कीटक बाळगणे किंवा विकणे तिथे बेकायदा आहे, कारण परक्या झाडांवर त्याची अळी काय करील याचा नेम नसतो. कोकणात ज्याचे फोटो कौतुकाने फिरतात, तोच पतंग दुसऱ्या खंडात उपद्रवी कीड म्हणून नोंदवला जातो.

घरात आला तर काय करावे?

पहिली गोष्ट, तो चावत नाही. चावायला तोंडच नाही. नांगीही नाही. पंखांची भुकटी डोळ्यात गेली की आंधळेपण येते, असे लहानपणी बहुतेकांनी ऐकलेले असते. भुकटी म्हणजे खवले. ते डोळ्यात गेले तर चुरचुरेल, आंधळेपण येणार नाही. पण आपल्या बोटांना लागलेली भुकटी हे त्याचे नुकसान असते, म्हणून पंख धरू नयेत.

रात्री दिसला तर आधी दिवा बंद करावा. फोटो हवा असेल तर एक-दोन काढून घ्यावेत, पंख पूर्ण दिसतील असे. ठिकाण आणि तारखेसह ते ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘मॉथ्स ऑफ इंडिया’सारख्या संकेतस्थळांवर टाकले तर नोंद अभ्यासकांच्या कामाला येते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंगांची गणना करणारा ‘मॉथ वीक’ असतो, भारतातही हौशी निरीक्षक त्यात भाग घेतात. महाराष्ट्रात त्या दिवसांत नेमका पाऊस भरात असतो.

दिवा बंद केल्यावर बराच वेळ तो हलला नाही तर घाबरू नये. जड पतंगांना उडण्याआधी पंख थरथरवून स्नायू गरम करावे लागतात. सकाळ झालीच असेल, तर त्याच्यासमोर एखादी काडी किंवा जाड कागद धरावा. तो आपणहून त्यावर चढतो. मग सावलीतल्या झाडाच्या खोडावर किंवा दाट पानांत त्याला सोडावे आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहू द्यावे. डब्यात ठेवणे, साखरपाणी पाजण्याचा प्रयत्न करणे, शाळेत दाखवायला नेणे हे सगळे त्याच्या उरलेल्या थोड्या तासांतून वजा होते.

कोष सापडला तर तो फांदीवरच राहू द्यावा. आणलाच गेला असेल, तर मोकळ्या जागी, उभ्या आधाराला उंचावर टांगावा. कोषातून बाहेर आलेल्या पतंगाचे पंख ओल्या कापडासारखे चुरगळलेले असतात. लटकून राहून, त्यांत द्रव भरून तो ते उलगडतो आणि पुढच्या काही तासांत ते वाळतात. काचेच्या बरणीत तेवढी जागा मिळाली नाही, तर ते चुरगळलेल्या अवस्थेतच वाळतात आणि तो कधीच उडत नाही.

भिंतीवर बसलेली मोठी, रुंद पंखांची मादी असेल तर ती निघून गेल्यावर भिंत एकदा नीट बघावी. दिव्यापाशी अडकलेल्या माद्या काही वेळा भिंतीवरच अंडी घालतात. साबुदाण्यापेक्षा बारीक, चिकटलेले दाणे दिसले तर ते पातळ कागदाने हलकेच सोडवून दालचिनीच्या किंवा लिंबाच्या पानाखाली ठेवता येतात. त्यासाठी हाताशी साधारण १० दिवस असतात. अळी बाहेर आली की तिला लगेच पान लागते आणि भिंतीवर पान नसते.